ज्वारीच्या कोठारात भाकरीची वाण

गरिबांनी काय खावे हे सांगणाऱ्यांची आपल्या देशात कधीच उणीव नव्हती. थोड्या पैशांत सकस आहार कसा घ्यावा, याच्या याद्या वृत्तपत्रांतून आणि सरकारी भित्तिपत्रकांतून नित्य झळकत असतात. त्यांतली माहिती बहुधा चुकीची नसते. चुकीचे असते ते तिच्यामागचे गृहीत. श्रमिक माणूस अज्ञानापोटी निकस खातो, असे ते गृहीत आहे. सोलापूरच्या कामगार वस्त्यांतील अनुभवावर ते घासून पाहिले, तर टिकत नाही.

सोलापूरच्या श्रमिकाचे परंपरागत जेवण काय होते? ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तुरीचे वरण किंवा मटकीची उसळ, अंबाडी वा शेपूची भाजी आणि कांदा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. ज्वारीच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते. लोह आणि चोथा पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा ज्वारीत पुष्कळ अधिक. आहारशास्त्रज्ञ आज ज्या ताटाची शिफारस करतात ते ताट गिरणी कामगाराच्या आणि विणकराच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाढले जात होते. तेव्हा प्रश्न ज्ञानाचा नाही. हे ताट श्रमिकाच्या हातून का निसटले, हा खरा प्रश्न आहे.

याचे पहिले कारण शिधावाटपात सापडते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य विनामूल्य मिळू लागले. ही श्रमिकांची मिळकत आहे. तिला कोणी हात लावू नये. परंतु पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे एकशे पासष्ट ग्रॅम, अर्थात पावणेसहाशेच्या आसपास उष्मांक. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचे मोजमाप करताना माणशी २२५० उष्मांकांचा आधार घेतला होता. त्याचा जेमतेम चौथा हिस्सा सरकार देते. उरलेले तीन हिस्से आणि सगळी डाळ, तेल, भाजी बाजारातून विकत घ्यावी लागते. कायद्यात भरड धान्याचा उल्लेख असूनही रास्त भावाच्या दुकानांत मुख्यतः गहू आणि तांदूळच येतो. ज्वारी आली तरी अधूनमधून. बाजारात चांगली ज्वारी अनेकदा गव्हाहून महाग असते. फुकटचा तांदूळ सोडून महागडी ज्वारी घे, असे कोणत्या माउलीला सांगावे?

दुसरे कारण शेतात आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि मालदांडीचा प्रसिद्ध वाण मोहोळच्या केंद्रात निवडला गेला. त्याच जिल्ह्यात आज राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने उभे आहेत. उजनीचे पाणी उसाकडे धावले. ज्वारी कोरडवाहू रानात राहिली. २०२५-२६ साठी केंद्राने संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३६९९ आणि मालदांडीला ३७४९ रुपये हमीभाव जाहीर केला. फरक अवघा पन्नास रुपयांचा! रब्बीची ज्वारी हाताने उपटून काढावी लागते. तिचे कष्ट आणि तिची प्रत यांचे मोल एवढेच धरल्यावर शेतकरी ती सरकारला का घालील? मग सरकारी गोदामात मालदांडी येत नाही आणि म्हणून ती शिधापत्रिकेवरही येत नाही. शेतकऱ्याचा तोटा आणि कामगाराची उपासमार ही एकाच धोरणाची दोन टोके आहेत.

तिसरे कारण श्रमाच्या वेळेचे आहे. विडी कामगार स्त्रीला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. भाकरी एकेक करून थापावी लागते, उसळीसाठी मटकी भिजवावी लागते, पालेभाजी निवडावी लागते. तो प्रत्येक तास तिच्या मजुरीतून वजा होतो. म्हणून चहा आणि बिस्किटाच्या पुड्यावर वेळ भागवली जाते. त्याला आळस म्हणणे हा अन्याय आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. या आकड्याचा जाब ताटाला विचारण्याआधी वेतनाला विचारला पाहिजे.

सरकारची वृत्ती शाळकरी मुलांच्या बाबतीतही दिसून आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेऊन शाळांना लोकवर्गणीची वाट दाखवण्यात आली. स्वस्तातले उत्तम प्रथिन मुलाच्या तोंडातून काढून घ्यायचे आणि आईला सकस आहाराचे धडे द्यायचे, याला काय म्हणावे?

मग कार्यकर्त्यांनी आहाराविषयी बोलूच नये काय? अवश्य बोलावे. डाळ-भाकरीची सांगड, मोड आलेली कडधान्ये, हंगामातली स्वस्त पालेभाजी, मूठभर शेंगदाणे यांचे महत्त्व वस्तीत सांगणे उपयोगाचेच आहे. पण हा उपदेश मागणीच्या सोबतीने जावा. रब्बी ज्वारीला तिच्या खर्चाशी सुसंगत हमीभाव देऊन जिल्ह्यातच खरेदी करावी आणि गहू-तांदळाचा हक्क न घटवता ती जिल्ह्यातल्याच शिधापत्रिकांवर द्यावी. डाळ आणि तेल यांचा शिधावाटपात समावेश व्हावा. शाळेतले अंडे सरकारी खर्चाने परत यावे. सोलापुरात कडक भाकरी करून विकणाऱ्या स्त्रियांची कमतरता नाही. त्यांच्या गटांना सवलतीने ज्वारी दिली, तर त्यांना काम आणि विडी कामगार स्त्रीला आयती भाकरी मिळेल.

१९७२ साली दुष्काळ आणि महागाईने कहर केला तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली लाटणी हाती घेऊन मोर्चे काढले होते. काय खावे हे त्या स्त्रियांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ते परवडत का नाही, हे त्या राज्यकर्त्यांना विचारत होत्या. तोच प्रश्न सोलापूरच्या वस्त्यांतून पुन्हा विचारला जाणे हे आजचे काम आहे.