मुकी मोटर

मराठीचा प्राध्यापक हा नातेवाइकांच्या दृष्टीने तसा निरुपयोगीच प्राणी. तो डॉक्टर असता तर फुकट औषध मिळाले असते, वकील असता तर बांधाच्या भांडणात कामी आला असता. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यापलीकडे त्याचा कुणाला उपयोग होत नाही. म्हणून गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी भिगवणकडच्या माझ्या मामेभावाचा फोन आला तेव्हा मी मनातून सुखावलो. तो म्हणाला, "दादा, भाऊबीजेला आत्याला घेऊन याल, तेव्हा जरा सवड काढून या. होडीला विजेचं मशीन आणलंय. त्याच्याबरोबर पुस्तक आलंय, पण सगळं इंग्लिश अन् चिनी. तुम्ही वाचून सांगा."

चिनीबद्दल मी असमर्थता दर्शवली. इंग्रजीचे मात्र मोठ्या हुशारीने कबूल केले.

माझ्या आईचे माहेर पाण्याखाली आहे. हे मी अलंकाराने बोलत नाही. भीमेवरचे उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि तिचे गाव, ज्या अंगणात तिचे लग्न लागले त्या अंगणासकट, बुडाले. मामाचे बिऱ्हाड वरच्या माळावरच्या नव्या गावठाणात गेले. या जलाशयाचे नाव यशवंतसागर, साठवण सुमारे ११७ टीएमसी. वर्तमानपत्रात हा आकडा वाचताना आपण 'भरपूर पाणी' एवढाच बोध घेतो. आई तो आकडा वाचतच नाही. ती फक्त विचारते, "पळसदेवचं देऊळ दिसायला लागलं का रे?" उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसनाथाचे ते जुने देऊळ वर येते. तिच्या गावाच्या नशिबी तेवढेही नाही. मातीची घरे ती, वर यायला उरलीच कुठे?

या पाण्याने मामाची जमीन नेली, पण पुढच्या पिढीला एक धंदाही दिला. थंडीत तिथे रोहित पक्षी येतात, आणि त्यांच्यामागोमाग लांब नळीचे कॅमेरे घेतलेली शहरातली माणसे येतात. मामेभाऊ त्यांना होडीतून पक्ष्यांपर्यंत नेतो. त्याच्या होडीला मागे पेट्रोलचे मशीन होते. ते दोरी ओढून सुरू होई, आणि एकदा सुरू झाले की होडीत शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावे लागे. रोहितांना हे संभाषण मानवत नसे. पक्षी उठले की गिऱ्हाईकही उठे. म्हणून शेवटचा टप्पा मशीन बंद करून, लांब बांबू तळाच्या चिखलात रोवून, होडी रेटीत न्यावी लागे. दिवसाच्या चार फेऱ्यांत खांदे भरून येत. अशाच एका कॅमेरेवाल्या गृहस्थाने त्याला विजेच्या मोटरीची वार्ता सांगितली.

मोटर पाहून माझी थोडी निराशा झाली. एक काळा दांडा, त्याच्या वरच्या टोकाला मुठीचा हात, खालच्या टोकाला दुधीभोपळ्याएवढी एक बंद कुपी आणि तिला दोन पात्यांचा पंखा. होडीच्या पिछाडीला दोन स्क्रूंनी आवळायचे की झाले. मोटर त्या बुडालेल्या कुपीतच असते, भोवतालचे पाणीच तिला थंड ठेवते. मूठ पिळली की वेग वाढतो, हात डावी-उजवीकडे फिरवला की होडी वळते. सुकाणूचे कामही तीच करते. इंग्रजीत या जातीच्या यंत्राला 'आउटबोर्ड' म्हणतात. याला चांगला मराठी शब्द काय, यावर मी जेवणापूर्वी बराच विचार केला आणि 'पृष्ठलग्न विद्युत्‌चालक' असा एक शब्द सिद्धही केला. मामेभाऊ त्याला 'पंखा' म्हणतो. मी माझा शब्द मागे घेतला.

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ताकद लिहिली होती : ५५ पाउंड. भावाने विचारले, "म्हणजे किती घोडे?" हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. घोडे म्हणजे शक्ती, हे पाउंड म्हणजे ओढ. बांधून ठेवलेल्या होडीला मोटर पुऱ्या जोराने किती ताणते, त्याचे हे माप. ताण पुरा, चाल शून्य. (आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकींचे माप याच पाउंडांत घ्यावे, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.) बॅटरीकडून मात्र ही मोटर पुऱ्या जोरात १२ व्होल्टवर ५० अँपिअर ओढते, म्हणजे ६०० वॉट. एक घोडा ७४६ वॉटांचा, तेव्हा इथे पुरता एक घोडाही नव्हता. भाऊ खट्टू झाला.

त्याला बरे वाटावे म्हणून, आणि थोडी विद्वत्ता मिरवावी म्हणूनही, मी त्याला एक गोष्ट सांगितली. होडीच्या मागे लटकावण्याचे मशीन मुळात पेट्रोलचे नव्हतेच, ते विजेचे होते. १८८१ साली पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे नावाच्या कारागिराने सुकाणूलाच मोटर आणि पंखा जोडला. सगळे एकत्र उचलून घरी नेता येईल असे ते प्रकरण होते. त्याने ते सीन नदीत चालवून दाखवले, आणि आपल्या होडीचे नाव ठेवले 'टेलिफोन'. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तर पन्नासावर विजेच्या होड्या लोकांना जलविहार घडवीत होत्या.

मग आले पेट्रोल. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरूडची कथा सांगतात, की तळ्यातल्या बेटावर सहलीला गेले असता त्याच्या वाग्दत्त वधूला आइस्क्रीम हवेसे वाटले. हा वल्ही मारीत काठावर गेला, वल्ही मारीत परत आला, तोवर आइस्क्रीमचे दूध झाले होते. त्या चिडीतून त्याने मशीन घडवले आणि १९०९ पासून विकायला आणले. खरे-खोटे ते तळेच जाणे. पण त्याच्या नावाची मशीने पुढे शंभरावर वर्षे निघाली, ती २०२० साली बंद झाली. विजेची मोटर मधल्या काळात टिकली ती प्रामुख्याने गळ टाकून बसणाऱ्यांच्या होड्यांवर. १९३४ साली अमेरिकेतल्या फार्गो गावी त्यांच्यासाठी खास अशी मोटर निघाली. माशाला चाहूल लागू न देता हळूहळू सरकणे एवढीच त्यांची मागणी. ज्यांना घाई नव्हती त्यांनी ती सांभाळली म्हणायची. भावाच्या होडीवरचा पंखा याच घराण्यातला.

पेट्रोलने वीज हरवली ती वजनावर. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तासांची ऊर्जा असते. एक किलो शिशाच्या बॅटरीत जेमतेम ३५. लहान मशीन पेट्रोलमधला बहुतेक भाग उष्णतेत आणि गोंगाटात उधळते हे खरे, पण एवढी श्रीमंती असल्यावर उधळपट्टी परवडते. भावाची बॅटरी १०० अँपिअर-तासांची. तिचे वजन तीस किलोच्या घरात, म्हणजे आणखी एक शाळकरी मूल होडीत बसवल्यासारखे. लिथियमची घेतली असती तर वजन निम्म्याहून कमी झाले असते, पण पैसा पुरला नाही. शिशाच्या बॅटरीचा आणखी एक स्वभाव आहे. ती निम्मी रिकामी होण्याआधीच थांबावे, नाहीतर तिचे आयुष्य झिजते. शिवाय तिला जोराने उपसले तर ती कमी देते, संथपणे उपसले तर जास्त. आई मागून म्हणाली, "आमच्या विहिरीसारखी." आमच्या चर्चेत इतके बरोबर दुसरे कुणी बोलले नाही.

आता त्या पुस्तकातली महत्त्वाची गोष्ट. ती पुस्तकात स्पष्ट लिहिलेली नव्हती, आकड्यांच्या कोष्टकात दडली होती. पाणी कापीत चालणाऱ्या संथ होडीचा वेग दुप्पट करायचा तर शक्ती दुप्पट लागत नाही, सुमारे आठपट लागते. हेच उलटे वाचा. ६०० वॉटांत होडी तासाला ६ किलोमीटर जात असेल, तर ३ किलोमीटरच्या चालीला कागदावर ७५ वॉट पुरतात. बॅटरीतून ६०० वॉट-तास बिनधोक काढता येतात असे धरले, तर पुऱ्या जोरात एक तास आणि सहा किलोमीटर, निम्म्या वेगाने आठ तास आणि चोवीस किलोमीटर. भावाने हा हिशेब माझ्याकडून तीनदा करून घेतला. एवढ्या लक्षपूर्वक ऐकणारा विद्यार्थी मला वर्गात क्वचितच लाभला आहे.

दुपारच्या जेवणानंतर आम्ही होडीत बसलो. भाऊ, मामा, आई आणि मी. आईने नव्या पातळावरून ते नारिंगी लाइफ जॅकेट घालायला आधी नकार दिला. भाऊ म्हणाला, "आत्या, त्याशिवाय मी होडी सोडणार नाही." २०२४ च्या मे महिन्यात याच पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. तेव्हापासून या बाबतीत तो कुणाचे ऐकत नाही. आईने मुकाट्याने जॅकेट घातले.

होडी निघाली आणि आम्ही सगळेच गप्प झालो. काही कानावर येईल म्हणून वाट पाहत होतो, आणि काहीच येत नव्हते. पंख्याची बारीक गुणगुण आणि नाळेखाली पाण्याची चुळचूळ, एवढेच. आई यापूर्वी दोनदा या पाण्यावर आली होती, पण पेट्रोलच्या मशीनवर. त्या दोन्ही वेळा ती काही बोलली नव्हती. निदान आम्हांला ऐकू आले नव्हते. आता ती हळूच म्हणाली, "जरा डावीकडं घे, बाळा." मग मामाकडे वळून, "ही टेकडी अशी मागं राहिली, म्हणजे इथं मारुतीचा पार ना रे?" मामा म्हणाला, "पार आणखी पुढं. हा कुंभारवाडा." दोघे भावंडे त्या सपाट पाण्यावर बोट फिरवून घरे दाखवू लागली. विहीर कुठे, चिंच कुठे, शाळेची वाट कुठून वळत होती. चिंचेवरून त्यांचे भांडणही झाले. भावाने वेग इतका कमी केला होता की होडी चालली आहे की थांबली आहे ते कळत नव्हते. एका जागी आई म्हणाली, "थांब." तिने पदराची गाठ सोडली, ओवाळणीच्या ताटातली चिमूटभर हळदकुंकू बरोबर आणली होती ती पाण्यावर सोडली, आणि म्हणाली, "चला." ते काय होते हे मी विचारले नाही.

इथेच परतलो असतो तर बरे झाले असते. पण नवे मशीन, घरची माणसे, आणि नुकताच समजलेला हिशेब! भावाने "आता पळवून दाखवतो" म्हणून मूठ पुरी पिळली आणि होडी आणखी आत नेली. वारा पाठीशी होता, त्यामुळे वेग छान वाटला. पाठीशी असलेला वारा कळत नाही, ही त्याची खोड. परत फिरलो तेव्हा तो तोंडावर आला. निम्म्या वेगावर होडी जागची हलेना. वेग वाढवला, तर तो आठपटीचा हिशेब उलटा अंगावर आला. बॅटरीचा काटा खाली सरकू लागला. मोटर थांबवली की तो पुन्हा थोडा वर चढे आणि आम्हांला धीर येई, पण तो धीर लटका होता. वीस मिनिटांत गुणगुण घोगरी झाली. त्यातच जलपर्णीचा एक पुंजका आणि कुणाच्या तरी तुटक्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा पंख्यात गुंडाळला गेला. तो सुरीने कापून काढला, तेव्हा बॅटरीपासून मोटरीपर्यंतची तारही हाताला चटका देण्याइतकी तापलेली आढळली. घरच्या बटणाला लावतात तसली बारीक तार त्याने जोडली होती. ५० अँपिअरला ती कशी पुरावी? जाड तार वापरा, मध्ये फ्यूज घाला, हे पुस्तकाच्या सातव्या पानावर होते. मी पाचव्यापर्यंतच वाचले होते.

मग वल्ही. मामाचे वय सत्तरीच्या पुढचे, पण त्याने एक वल्हे माझ्या हातून काढून घेतले, कारण माझ्या वल्हवण्याने होडी गोल फिरत होती. लाटा लहानच होत्या, तरी काठ दूर होता आणि ऊन उतरत होते. कुणी बोलत नव्हते. आईने दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती. काठाला लागायला दीड तास लागला. मामीने काही विचारले नाही, फक्त चहा ठेवला.

त्यानंतर भावाने जाड तार आणि फ्यूज बसवला. बॅटरीच्या काट्याखाली, एक तृतीयांश खर्च झाल्याची खूण म्हणून, मामीने नखांच्या लाल रंगाने रेघ ओढून दिली आहे. तिथे काटा आला की समोर कितीही पक्षी असोत, होडी वळते. पेट्रोलचे मशीन त्याने विकले नाही. तेही होडीत असते, आणि वल्हीही. त्याच्या थंडीच्या हंगामात बांबूचे काम मात्र संपले. रोहितांच्या जवळ आता तो पंख्यावरच जातो, आणि गिऱ्हाइकांना आधी बजावतो की बोलायचे असेल तर हळू बोला, आता तुमचेच बोलणे पक्ष्यांना ऐकू जाते.

यंदाची भाऊबीज जवळ आली आहे. परवा आईने त्याला आपणहून फोन केला. मी शेजारीच होतो. ती म्हणाली, "सकाळी सातला निघायचं, वाऱ्याच्या आधी. आणि त्या पारापर्यंतच. चिंच कुठं होती ते मला तुझ्या बापाला दाखवायचंय."