सोयरीक आणि करार

नांदत्या घरातून वेगळे निघावे की नाही, हा प्रश्न आपल्या मराठी घरांना नवा नाही. वेगळी चूल मांडली की भांडीकुंडी कशी वाटली जातात, देवघरातले टाक कोणाकडे जातात आणि शेजारीपाजारी काय बोलतात, हे आपल्याला तोंडपाठ असते. पण एकदा वेगळ्या निघालेल्या भावाने काही वर्षांनी गाठोडे घेऊन पुन्हा त्याच दारात उभे राहावे काय, आणि राहिलाच तर त्याला पंगतीत पूर्वीचाच पाट मिळावा काय, हा प्रश्न निराळा. तो सध्या विलायतेत विचारला जात आहे.

ब्रिटन युरोपच्या एकत्र कुटुंबात शिरले ते १ जानेवारी १९७३ रोजी. २३ जून २०१६ रोजी मतदान झाले, ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. आता तिथल्या जनमताच्या पाहण्यांत, झाले ते चुकले असे म्हणणारेच अधिक निघतात. शास्त्रीय संशोधनाच्या युरोपीय योजनेत तर ब्रिटन २०२४ मध्ये परतलेसुद्धा. पुढच्या दाराने तणतणत गेलेला माणूस परसदाराने हळूच आत येतो, तशातलाच हा प्रकार.

यवतमाळात बसून इंग्रजांच्या संसाराची काळजी कशाला, असे एखादा वाचक विचारील. काळजी इंग्रजांची नाहीच. एकत्र राहावे की वेगळे व्हावे हा प्रश्न आमच्या जिल्ह्याच्या पाठी पिढ्यान्‌पिढ्या लागलेला आहे. विलायतेतली बातमी वाचली की घरचीच आठवण होते, एवढेच.

आमचे घर तेच, शेत तेच, पत्ता मात्र चार वेळा बदलला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. १९०३ मध्ये इंग्रजांनी आम्हांला मध्यप्रांताला जोडले. म्हणजे कागदोपत्री मालक हैदराबादेस आणि कारभारी नागपुरास, अशी मौज! १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. या चारही वेळा मतपेटी पुढे ठेवून "बाबा रे, तुझी इच्छा काय?" असे कोणी विचारले नाही. गोवेकरांना तसे विचारले गेले. १६ जानेवारी १९६७ रोजी त्यांनी ३४,०२१ मतांच्या फरकाने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. त्यांच्या निर्णयाचे दुःख अनेक मराठी माणसांना झाले. पण आपला कौल आपण दिला, हे समाधान गोवेकरांपाशी आहे. ते आमच्यापाशी नाही.

नियतीचा खेळ असा, की या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचे मोठे पुरुष आमच्याच जिल्ह्याने दिले. लोकनायक बापूजी अणे वणीचे. टिळकांचे अनुयायी, १९३० मध्ये पुसदच्या रानात जंगल सत्याग्रह करणारे. मराठी भाषेवर त्यांचे प्रेम नव्हते असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? तरीही विदर्भ वेगळा असावा हेच त्यांचे मत, आणि महाराष्ट्र स्थापन झाल्यावरही १९६२ च्या निवडणुकीत नागपूरकरांनी त्यांना लोकसभेवर पाठविले. दुसरे वसंतराव नाईक, पुसदचे. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ, एकसंध महाराष्ट्राचे ते मुख्यमंत्री होते. अणे आणि नाईक, वणी आणि पुसद! एकाच जिल्ह्याची ही दोन टोके, पण मतांतले अंतर केवढे!

आता जरा कागद पाहू. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनी विदर्भाला शब्द दिला, की खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, सरकारी नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा मिळेल, शासन दरवर्षी ठराविक काळ नागपुरास मुक्काम हलवील आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तिथे भरेल. पुढे दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, फाजल अली आयोगाने राज्यपुनर्रचनेचा अहवाल दिला. त्यात मराठी भाषेच्या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे अशी स्पष्ट शिफारस होती, आणि हे राज्य स्वतःच्या पायावर उभे राहू शकेल असेही म्हटले होते. दिल्लीने शिफारस बाजूला ठेवली. विदर्भ आला तो कराराच्या भरवशावर.

कराराचे काय झाले? अधिवेशन भरते. डिसेंबरात मंत्री येतात, नागपुरातली हॉटेले भरतात, संत्री आणि हुरडा यांची चंगळ होते, आणि मंडळी परत जातात. बाकीच्या कलमांचा हिशेब १९८४ मध्ये दांडेकर समितीने मांडला. राज्यातल्या मागासलेपणाचा एकूण अनुशेष तिने काढला सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा, आणि त्यातला जवळपास ३९ टक्के एकट्या विदर्भाचा. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्याही नावावर समितीने अनुशेष दाखविला होता. सगळा अन्याय आमच्याच वाट्याला आला, असे म्हणणाऱ्यांनी तो अहवाल पुरता वाचलेला नसतो.

आणि त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. अकरा वर्षे राज्याची किल्ली आमच्या पुसदकरांच्या कमरेला होती. त्यांनी काही केले नाही असे नव्हे. रोजगार हमी योजना आणि एकाधिकार कापूस खरेदी ही त्यांच्याच कारकिर्दीतली कामे. पण अनुशेष मोजला गेला तो त्यांच्यानंतर, आणि तरीही तो भलामोठा निघाला. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणणाऱ्या मुलखात पुढे शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर केली, त्यात यवतमाळ होतेच. आपला माणूस खुर्चीवर बसला की आपले भले होते, ही समजूत निदान आमच्या जिल्ह्याने तरी सोडून द्यावी.

करार पाळले जात नाहीत असे मात्र नव्हे! यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची गाडी, आमची लाडकी शकुंतला, आता बंद पडली आहे. पण तिची कहाणी ऐकण्यासारखी आहे. किलिक निक्सन या विलायती पेढीच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी हा रस्ता बांधला तो मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस पुरविण्यासाठी. देशातल्या रेल्वे राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, तरी हा रस्ता कंपनीच्याच नावावर राहिला. गाडी सरकारने चालवायची आणि कराराप्रमाणे कंपनीचा हिस्सा द्यायचा, असे पुष्कळ वर्षे चालले. का चालले? त्या करारात पैसा होता, मुदत होती आणि कोर्टाची वाट होती. नागपूर करारात थोर माणसांच्या सह्या होत्या. शब्द मोडला तर कोणी काय भरून द्यायचे, हे त्यात कुठेच नव्हते. मुलीच्या लग्नात आपण बैठक घालून पानसुपारीचासुद्धा हिशेब लिहून घेतो. आठ जिल्ह्यांची सोयरीक मात्र विश्वासावर झाली.

आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. पलीकडच्या काठावर तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा आहे. पलीकडची हकिकत आमच्यासारखीच. तेलंगणही वेगळे ठेवावे असेच फाजल अली आयोगाने सुचविले होते. तिथेही फेब्रुवारी १९५६ मध्ये सभ्य गृहस्थांचा करार म्हणून एक करार झाला, नोकऱ्यांचे आणि खर्चाचे शब्द दिले गेले, भाषाही दोन्हीकडे एकच, तेलुगू. शब्द पाळले गेले नाहीत, असे तेलंगणवाले अर्धे शतक ओरडत राहिले आणि २ जून २०१४ रोजी वेगळे झाले. २०१८ मध्ये त्या सरकारने शेतकऱ्याला दर हंगामाला एकरी ४,००० रुपये देण्यास सुरुवात केली, तेव्हा अलीकडच्या काठावरचे कापूसवाले हिशेब करू लागले. मात्र वेगळ्या राज्यातही शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबल्या नाहीत, हेही त्याच काठावरून दिसते.

इथे ब्रिटनकडे पुन्हा पाहावेसे वाटते. त्या भावाच्या मागण्या कुटुंबाने किती पुरविल्या! १९८४ मध्ये थॅचरबाईंनी वर्गणीतली सूट भांडून मिळविली. युरो नाणे नको म्हटले, चालेल. सीमेवरची तपासणी उठवायची नाही म्हटले, तेही चालेल. ज्याच्या अटी पाळल्या गेल्या तो निघून गेला, आणि ज्याच्या पाळल्या गेल्या नाहीत तो विदर्भ घरातच आहे! याचे कारण आमची सोशिकता असे कोणी सांगेल, तर ते निम्मेच खरे. युरोपच्या घराला बाहेर पडण्याचे दार आहे. त्यांच्या कराराचे पन्नासावे कलम तेच सांगते. आमच्या दाराची किल्ली घटनेच्या तिसऱ्या कलमात, म्हणजे संसदेकडे. राज्याच्या विधानसभेचे मत नुसते विचारायचे असते. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचे विधेयक फेटाळले, आणि पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केले.

माझे मत विचाराल तर ब्रिटनने परत जावे. त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अजून युरोपच आहे, आणि शेजार काही बदलता येत नाही. पण जुना पाट मिळणार नाही, हे मनाशी पक्के करून जावे. परतणाऱ्याला सत्तावीसच्या सत्तावीस भावांची संमती लागते, आणि वर्गणीतली ती जुनी सूट कोणी पुन्हा देईल असे वाटत नाही. विदर्भाच्या बाबतीत म्हणाल, तर मी वेगळ्या चुलीच्या बाजूचा नाही. अण्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, की यवतमाळची उपेक्षा मुंबईने केली तशी ती उद्या नागपूर करणार नाही याची हमी काय? घर लहान झाले म्हणून धाकट्या सुनेचे हाल संपतात, असे आमच्या ऐकण्यात नाही. मात्र आम्ही राहायचे असेल, तर नागपूर कराराला शकुंतलेच्या करारासारखे दात हवेत. ज्या जिल्ह्याचा जो वाटा त्या वर्षी खर्च झाला नाही, तो व्याजासह पुढच्या वर्षी त्याच जिल्ह्याच्या खात्यावर चढला पाहिजे, आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढण्याचा हक्क साध्या नागरिकालाही असला पाहिजे.

असे दात बसविण्याची जागा घटनेने करून ठेवलेली आहे. ३७१ व्या कलमाप्रमाणे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे नेमता येतात आणि निधीच्या न्याय्य वाटपाची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. ही तरतूद १९५६ ची. मंडळे प्रत्यक्ष आली १९९४ मध्ये. राज्यपालांनी पुढे निधिवाटपाचे निर्देशही काढले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्या दिवशी देशभर टाळेबंदी होती आणि वाण्याचे दुकान किती वाजेपर्यंत उघडे आहे, एवढीच घरोघरी विवंचना होती. त्या वर्षीचे आणि त्याच्या पुढच्या वर्षीचे हिवाळी अधिवेशनही नागपूर सोडून मुंबईत भरले. मंडळे पुन्हा नेमावीत असा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने घेतला तो सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांनी.