शिशाच्या बॅटरीला भाव, लिथियमच्या बॅटरीचं काय?

चिपळूण : आंबा-काजूच्या मोहोरावर फवारणी करायचा बॅटरी पंप आता वाडीवाडीत आहे. आधी त्यात शिशाची बॅटरी यायची, आता बऱ्याच पंपांत हलकी लिथियमची येते. माझ्या पंपाची यंदा बसली. भंगारवाल्याला दाखवली तर म्हणाला, "दादा, शिशाची असेल तर किलोवर घेतो. ही फुकट दिलीत तरी नको."

त्याचंही चूक नाही. शिशाची बॅटरी वितळवली की शिसं मिळतं, त्याला गिऱ्हाईक तयार आहे. लिथियमची आधी पूर्ण उतरवावी लागते, मग तिचा चुरा करून तांबं-अॅल्युमिनियम वेगळं काढतात. उरलेली काळी भुकटी आम्लात विरघळवून कोबाल्ट, निकेल, मँगनीज काढतात. लिथियम बहुतेकदा शेवटी हाती लागतं. यात खरा पैसा कोबाल्ट-निकेलचा. स्वस्त ई-वाहनांत वाढत चाललेल्या लोह-फॉस्फेट बॅटरीत हे दोन्ही नसतात. मग चार-दोन बॅटऱ्यांसाठी कोकणातून गाडी कोण भरणार?

कायदा आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकाची. त्या पुरायला आणि जाळायला बंदी. ई-वाहनांच्या बॅटरीतलं ९० टक्के साहित्य २०२६-२७ पासून परत मिळवायचं लक्ष्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजनाही मंजूर केली. देशाला लिथियम बाहेरून आणावं लागतं, म्हणून ही धडपड. पण हा पैसा कारखान्यांना. वाडीतली बॅटरी कारखान्यापर्यंत नेणारी साखळी तालुक्यात दिसत नाही.

मग ती जाते कुठे? कचऱ्यात, नाहीतर पऱ्याच्या कडेला. लिथियमची बॅटरी चेपली, टोचली तर पेट घेऊ शकते आणि जळताना विषारी वायू सोडते. आपल्या जांभ्यातून पाणी झिरपायला वेळ लागत नाही. खाली विहिरी आहेत.

दुसरी बाजूही बघायला हवी. उद्या असा कारखाना आपल्याच जिल्ह्यात आला तर रोजगार मिळेल, पण आम्लाचं सांडपाणीही येईल. लोटे वसाहतीच्या पाण्याने दाभोळ खाडीतली मासळी मरते, ही खाडीकाठची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. त्यामुळे सांडपाण्याचा हिशेब आधी, भूमिपूजन मागाहून.

तोवर मागणी साधी ठेवूया. पंप विकणाऱ्या दुकानदाराने जुनी बॅटरी परत घ्यावी, कंपनीने ती त्याच्याकडून उचलावी. ग्रामपंचायतीने ओल्या-सुक्या कचऱ्यासोबत बॅटरीचा वेगळा डबा ठेवावा. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला हरकत नाही.

माझी बॅटरी टोकांना चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूच्या बादलीत पडवीत ठेवलीय. घ्यायला कोणी येईल, याची वाट बघतोय.