कानांना दडे बसतात तेव्हा

फजिती जुनी झाली की तिची गंमत होते. शरीर मात्र काही फजितींचा हिशेब निराळा ठेवते.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन साजरा होतो. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात, तरुण मंडळी मैफली जमवतात. न्यू जर्सीत शिकणारा माझा भाचा एका हौशी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. गेल्या हॅलोविनला या चौकडीने मित्राच्या तळघरात कार्यक्रम केला. धुराच्या यंत्रामुळे आगीची घंटा वाजू लागली, गिटारवाल्याचा मुखवटा डोळ्यांवर घसरला, गायक शब्द विसरला आणि या गोंधळात आपलेच वाद्य ऐकू यावे म्हणून प्रत्येकाने आवाज वाढवत नेला. त्या रात्रीची आठवण निघाली की चौघे आजही पोट धरून हसतात. दुसऱ्या दिवशीचा फोन मात्र हसण्याजोगा नव्हता. "मामा, कानात रातकिडे ओरडताहेत, आणि तुझा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतोय."

कानाच्या आतील शंखाकृती भागात केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या काही हजार पेशी असतात. ध्वनीच्या लहरी त्या मेंदूपर्यंत पोहोचवतात. आवाजाचा मारा फार झाला की त्या थकतात. कानांना दडे बसतात, कर्णनाद सुरू होतो. विश्रांतीने बहुधा उतार पडतो. भाच्यालाही दोन दिवसांत बरे वाटले. परंतु असा मारा वारंवार झाला तर या पेशी मरतात, आणि माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. 'द हू' या बँडचे विख्यात गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या श्रवणदोषाविषयी जाहीरपणे सांगितले आहे, ते याच कारणाने.

हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबल आवाज साधारण ८ तास सुरक्षित मानला जातो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात अवघी १५ मिनिटे. बंद खोलीतला ड्रम ही पातळी सहज गाठतो. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीही.

म्हणून घरातील वादकांना काही गोष्टी आवर्जून सांगा. सरावालाही कानात इअरप्लग हवेत. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. स्पीकरसमोर उभे राहू नये. तासाभराने शांत जागी कानांना विसावा द्यावा. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज मर्यादेबाहेर गेला असे समजावे. कर्णनाद दोन दिवसांत न थांबल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी. तेथे उशीर झाला की उपचारांचा लाभ घटतो.

मुलांचे वाजवणे बंद करू नका. पन्नाशीतही त्यांना तानपुऱ्याचा षड्ज आणि नातवंडांची कुजबुज ऐकू यावी, एवढ्याचसाठी हा खटाटोप.