युरियाची टाकी रिकामी, तरी पीयूसी पास

बडोदा : महामार्ग ४८ वर बडोद्याजवळच्या कुठल्याही ढाब्यावर उभे ट्रक बघा. नवीन गाडी असेल तर डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक छोटी टाकी दिसते. ड्रायव्हर तिला ‘युरियाची टाकी’ म्हणतात. नवापूरमार्गे इकडे येणाऱ्या आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या गाड्यांनाही ती आहेच.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. बीएस-५ गाळून सरकारने थेट उडी मारली. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. ते काम कोयलीसारख्या रिफायनरींनी केलं. इंजिनाचं मात्र अवघड. आतलं तापमान वाढवलं की काजळी घटते, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतो. तापमान उतरवलं की उलटं. दोन्ही कमी करायचे म्हणून सायलेन्सरच्या आधी छोटा केमिकल कारखानाच बसवला: काजळी अडवणारा डीपीएफ, युरियाच्या फवाऱ्यावर चालणारा एससीआर, आणि वर पहारा देणारे सेन्सर.

डीपीएफमधली काजळी जळायला गाडी सलग, तापून पळावी लागते. महामार्गावर ते होतं. मकरपुरा जीआयडीसीत दिवसभर थांबत-थांबत फिरणाऱ्या टेम्पोचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, इंजिन ताकद सोडतं. पान्ह्याने ते सुटत नाही, लॅपटॉप लागतो. आणि तो कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नसतो.

युरियाचं द्रावण शंभर लिटर डिझेलला साधारण तीन ते सहा लिटर जातं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया. शेतातल्या २६६ रुपयांच्या गोणीतला नव्हे! त्याला निंबोळी तेल चोळलेलं असतं, जाळी कायमची खराब होते. शिवाय अनुदानाचा युरिया असा वळवणं गुन्हा, ते वेगळंच.

मग काहीजण चिप बसवतात. ती कॉम्प्युटरला खोटंच सांगते, युरिया जातोय म्हणून. टाकी कोरडी, खर्च शून्य. पकडणार कोण? पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा तेवढा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड डोळ्याला दिसत नाही आणि तिथे मोजलाही जात नाही.

नियम चुकीचा आहे असं मला वाटत नाही. पण भाड्याचा दर दोघांना सारखाच मिळतो. जो इमानदारीने द्रावण भरतो, त्याच्याच खिशातून हे पैसे जातात. चिपवाला तेवढेच वाचवून पुढच्या फेरीला भाव पाडतो. फिटनेसच्या वेळी नुसता धूर न बघता गाडीचा कॉम्प्युटर आणि ती निळी टाकी नीट तपासली, तर निम्म्या चिपा आपोआप निघतील.