पुराव्याचे ओझे कोणाच्या शिरावर?

कोविडची लस घेतल्यानंतर आपली डॉक्टर कन्या दगावली, असे सांगत छत्रपती संभाजीनगरच्या एका पित्याने मुंबई उच्च न्यायालयाकडे एक हजार कोटी रुपयांची भरपाई मागितली व ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने सरकार आणि लस-उत्पादक यांना नोटिसा काढल्या, हे वाचकांना स्मरत असेल. आकडा डोळे दिपविणारा होता. त्यामुळेच मूळ प्रश्न झाकला गेला. मृत्यूचा लसीशी संबंध केंद्राच्या समितीने मान्य केला आहे, असा आधार त्या अर्जात तरी होता. ज्यांच्यापाशी असा कागद नाही, त्यांनी काय करावे?

मज्जातंतूंच्या विकारांत हा पेच सर्वांत बिकट होतो. गुइलेन-बॅरे विकारात शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाय लुळे पडतात, प्रसंगी श्वासही यंत्राने द्यावा लागतो. तो लसीनंतर क्वचित् उद्भवतो हे खरे. पण बहुधा लसीवाचूनच उद्भवतो. २०२५ च्या आरंभी पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि बोट दूषित पाण्याकडे गेले. उलट अमेरिकेत १९७६ साली सुमारे साडेचार कोटी लोकांना फ्लूची लस टोचल्यावर लाखामागे अंदाजे एक रुग्ण अधिक आढळला व मोहीमच आवरती घ्यावी लागली. हा अधिकचा रुग्ण शास्त्राला गणिताने दिसतो. तो नेमका कोणत्या खाटेवर आहे, हे मात्र शास्त्राला सांगता येत नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे सरकारी समिती म्हणेल, आणि पुष्कळदा ते बरोबरही असेल. परंतु जे शास्त्रालाही सांगता येत नाही, ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाने सिद्ध करावे, हा कोठला न्याय? नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. मार्ग मोकळा खराच. पण चालणाऱ्याचे पायच गेलेले आहेत! नव्या औषधाच्या चाचणीत इजा झालेल्यासाठी २०१९ च्या नियमांत भरपाईची तरतूद आहे. मग सरकारच्या आवाहनावरून दंड पुढे करणाऱ्याने काय अपराध केला?

अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने यातून वाट काढली. लसीच्या प्रत्येक मात्रेवरील लहानशा करातून निधी उभा राहिला आणि कोणत्या लसीनंतर कोणता विकार किती काळात झाल्यास संबंध गृहीत धरावा, याचे कोष्टक ठरले. हंगामी फ्लूच्या लसीनंतर ३ ते ४२ दिवसांत गुइलेन-बॅरे झाला, तर रुग्णाला कार्यकारण सिद्ध करावे लागत नाही. दुसरे कारण दाखविण्याचा भार सरकार पक्षावर पडतो. यात काही अपात्रांनाही पैसे मिळतील. मिळोत. सर्वांच्या आरोग्यासाठी थोड्यांनी सोसलेल्या हानीचा हिशेब इतका चोख लावण्याची गरज नाही. अशाने लोक लसीला भितील, हा आक्षेपही आम्हांस पटत नाही. भीती वाढते ती झाकपाकीने.

आपल्याकडे आखावयाच्या कोणत्याही योजनेचा गाभा असाच हवा. शिवाय एक काम आजही करता येण्यासारखे आहे. जालना, परभणी, बीडकडून घाटी रुग्णालयात पोचेपर्यंत रुग्णाचे दिवस जातात, लसीची चिठ्ठी हरवते, पहिली लक्षणे कधी दिसली ते कोणी टिपलेले नसते. लसीची तारीख, लक्षणांची तारीख, मज्जातंतूंची व पाठीतील पाण्याची तपासणी, एवढे तरी दाखल होताच नोंदले जावे आणि त्याची प्रत न मागता नातेवाइकांच्या हाती पडावी.