हाउलाइट म्हणून जे विकले जाते

मण्यांच्या घाऊक बाजारात हाउलाइटच्या माळा ढिगाने मिळतात. पांढऱ्या, निळ्या, कधी भडक लालसुद्धा. खनिज म्हणून मात्र हाउलाइट जगात मोजक्याच ठिकाणी सापडते. मग एवढा माल येतो कुठून?

कॅनडातील नोव्हा स्कोशियात, विंडसरजवळच्या जिप्समच्या खाणीत एक पांढरा दगड कामगारांना सारखा आडवा येई. त्यांची कटकट रसायनशास्त्रज्ञ हेन्री हाऊ यांच्या कानावर गेली आणि १८६८ मध्ये या नव्या बोरेट खनिजाची नोंद झाली. कॅल्शियम, बोरॉन आणि सिलिकॉन असलेले हे खनिज बहुधा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गोळ्यांत मिळते. त्याचे सुटे स्फटिक दुर्मीळच. कॅलिफोर्नियातील टिक कॅन्यनमध्येही ते मिळाले. अंगावर करड्या-काळ्या रेषांची जाळी आणि रंग पटकन पिण्याचा गुण. निळा रंग दिला, की फिरोजा तयार!

ही नक्कल इतकी प्रसिद्ध झाली, की पांढरा जाळीदार खडा दिसताच ‘हाउलाइट’ असा शेरा मारण्याची सवय जडली. प्रत्यक्षात त्यांतले पुष्कळ खडे मॅग्नेसाइटचे असतात.

फरक ओळखणे अवघड नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर हाउलाइटचे स्पॉट रीडिंग १.५९ च्या आसपास येते, फिरोज्याचे १.६१ च्या. मॅग्नेसाइटचे दोन अपवर्तनांक १.५१ आणि १.७० असे दूरदूर असल्यामुळे ध्रुवक फिरवताना ठिपका उघडझाप करतो. दगड सच्छिद्र आहे, तेव्हा संपर्कद्रवाचा थेंब बारीक घ्यावा आणि लगेच पुसावा. सुट्या खड्याचे पाण्यात वजन केले तर हाउलाइटचे विशिष्ट गुरुत्व २.५ च्या जवळपास भरते, घट्ट मॅग्नेसाइटचे ३ च्या. आम्लाची चाचणीही आहे, पण गिऱ्हाइकाच्या मालावर आम्ल टाकायला धजणार कोण?

रंग पकडायला तर भिंगच पुरते. मण्याच्या भोकात डोकावले, की निळ्या सालीखालचा पांढरा गाभा बहुधा दिसतो; रेषांच्या कडेने रंग साचलेला असतो. ॲसिटोनचा बोळा निळा झाला तर शंकाच नको, मात्र तो कोरा निघाला म्हणून खडा निर्दोष ठरत नाही.

बिलावर ‘हाउलाइट’ छापून येते ते पुरवठादाराच्या चिठ्ठीवरून. परीक्षकाच्या अहवालात तो शब्द चाचणीनंतरच यावा. जडावातल्या खड्याची पुरती तपासणी जमत नसेल, तर ‘रंग दिलेला खडा, फिरोजा नाही’ एवढेच लिहावे. गिऱ्हाइकाला निर्णय घ्यायला तेवढे पुरते.